म्हणे आणि पंचनामा

नाताळच्या फराळाला मी दरवर्षी एका मित्राकडं जातो. करंज्या वहिनींच्या हातच्या, शंकरपाळ्या बाजारच्या आणि वाद घरचा. गेल्या नाताळात वाद काढला तो मित्राच्या पुतण्यानं. पोरगा अकरावी सायन्सला आहे, हुशार आहे, आणि वर्षभरापासून एका नव्या प्रार्थनासभेला जाऊ लागलाय. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला दिवस म्हणजे चोवीस तासांचाच दिवस, आणि जगातले खडकांचे सगळे थर नोहाच्या जलप्रलयात वर्षभरात साचले, असं त्याला तिथं सांगितलंय. मी कोट्यवधी वर्षांचं काहीतरी बोलायला लागलो, तर त्यानं शांतपणे विचारलं, "काका, तुम्ही होता काय तिथं?"

प्रश्न त्याचा स्वतःचा नव्हता. अमेरिकेत शाळकरी मुलांना तो पढवला जातो. मास्तरांनी कोट्यवधी वर्षं म्हटलं की हात वर करायचा आणि हेच विचारायचं. तिथून तो समुद्र ओलांडून, मोबाइलवरून, पंचगंगेच्या काठापर्यंत आलाय. मी उत्तर जुळवत होतो, तोवर मित्रानं भिंतीकडं बोट केलं. २०१९ च्या ऑगस्टात आलेल्या पुराची रेघ तिथं अजून आहे, छातीच्या उंचीला, तपकिरी.

"ही रेघ कुणी काढली रं? तू तवा गडहिंग्लजला आजीकडं. मी आन् तुझी काकी शाळेतल्या छावणीत. तलाठी भाऊसाहेब आले ते पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी. कोण होतं हितं? तरी पंचनामा झालाच की. पैसे बी मिळाले."

पोरगं हसलं आणि करंजी घेऊन आत गेलं. मी मात्र त्या शब्दाला चिकटून बसलो. पंचनामा. जागेवर जायचं, चार जणांना बोलवायचं, जे दिसतं ते लिहायचं, सह्या घ्यायच्या. घटना घडताना तलाठी हजर असावा, अशी अट कुठल्याही सरकारी नियमात नाही. घटना मागं काय ठेवून गेली, एवढंच तो बघतो. त्या वर्षी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागं टाकली आणि ते ५५ फुटांच्या वर गेलं. बंधाऱ्यावरचा आकडा कुणीतरी वाचला, पण घराघरातलं पाणी कुणी मोजलं नव्हतं. ते भिंतींनी सांगितलं आणि आपण ते मान्य केलं. भूविज्ञानाची पद्धत याहून वेगळी नाही. फक्त भिंत मोठी आहे.

आणि ती बघायला कोल्हापूरकराला अमेरिकेतल्या दऱ्यांत जायला नको. खडीच्या एखाद्या जुन्या खाणीत उतरा, नाहीतर गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटात जिथं रस्त्यासाठी डोंगर उभा कापलाय तिथं गाडी बाजूला लावा. खाली काळा पाषाण, वर काळा पाषाण, आणि मधे कुठं कुठं विटेसारखा लाल पट्टा दिसेल, कधी वीतभर, कधी पुरुषभर. खालचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो गार झाल्यावर बराच काळ उघडा पडून राहिला, ऊन-पाऊस खात त्याचा वरचा भाग झिजला, कुजला, लाल माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा वाहत आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. असं पुन्हा पुन्हा झालं. सह्याद्रीजवळ या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, आणि आजही हा काळा दगड जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभासुद्धा मूळचा हाच काळा दगड, लाखो पावसाळे खाऊन बदललेला.

आता हे सगळं एका वर्षाच्या प्रलयात बसवून दाखवा. पूर काय करतो हे आम्हाला पुस्तकातून शिकायला नको. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला आम्ही तो फावड्यानं घराबाहेर काढलाय. पूर गाळ आणतो. त्या गाळात फ्रीज, गाद्या, मेलेली कुत्री आणि शेजाऱ्याची लग्नपत्रिका असते. पूर लाव्हा आणत नाही, आणि दोन लाव्ह्यांच्या मधे माती व्हायची वाट बघत थांबत तर मुळीच नाही. शिवाय या थरांच्या मधे काही ठिकाणी तळी होती. मुंबईत वरळीला अशा थरात बेडकांचे जीवाश्म सापडले, नागपूरकडं गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडांची फळं. तळं साचायला, त्यात बेडूक नांदायला आणि मरायला वेळ लागतो. वरून-खालून वितळलेला दगड असताना बेडूक एका वर्षात हे उरकत नसतात.

नागपूरचं नाव आलंच आहे, तर ते जीवाश्म गोळा करणाऱ्या माणसाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडं त्याच्या नावाचं कॉलेज माहीत असतं, माणूस नसतो. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी. १८४० च्या दशकात नागपुरात आला. मराठी शिकला, शाळा काढली, शुभवर्तमान सांगत गावोगाव फिरला, आणि फिरताना खाली बघत चालला. टाकळीजवळ त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला लाव्ह्याच्या थरांत दबलेल्या गाळाच्या पट्ट्यात शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. त्यानं ते नीट नोंदवले, नमुने लंडनला पाठवले, त्यावर निबंध लिहिले. दख्खनच्या दगडाचा इतिहास लिहिताना त्याचं नाव आजही टाळता येत नाही. हे काम करताना त्यानं बायबल खाली ठेवलं नाही, आणि बायबल हातात आहे म्हणून गोगलगायीकडं काणाडोळाही केला नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून घोड्यावरून परतताना पावसानं फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. पन्नाशीही गाठली नव्हती.

मला हिस्लॉप आठवतो तो एका कारणासाठी. आपल्याकडच्या चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की बोलणं लगेच "ते ख्रिश्चन लोक आणि त्यांची पोथी" या वळणावर जातं. हे ऐकताना मला लाज वाटते. पृथ्वी म्हातारी आहे हे शोधून काढण्यात धर्मगुरूंचाच मोठा वाटा आहे. थर वाचायचा पहिला नियम, खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा, हा सतराव्या शतकात मांडला निकोलस स्टेनोनं, आणि तो पुढं बिशप झाला. केंब्रिजचा ॲडम सेजविक पाद्री होता. सगळी वाळू-खडी एकाच जागतिक पुरानं पसरवली असं तो मानायचा. पुरावे जुळेनात तेव्हा १८३१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष म्हणून त्यानं भर सभेत आपलं मत चुकल्याचं सांगून मागं घेतलं. अध्यक्षाच्या खुर्चीत बसून "माझं चुकलं" म्हणणारे आपल्या ओळखीत किती आहेत, ते ज्यानं त्यानं मोजावं.

या सहा हजार वर्षांचा हिशेब देणाऱ्या जेम्स अशरवरही हसायचं कारण नाही. आयर्लंडमधल्या आर्माचा हा आर्चबिशप. १६५० साली त्यानं सृष्टीच्या आरंभाची तारीख काढली, इसवी सनापूर्वी ४००४, ऑक्टोबर २३. आदाम ९३० वर्षं जगला, मथुशलह ९६९, अशा वंशावळ्या जोडत, बाबिलोन आणि रोमच्या इतिहासाशी सांधत त्यानं ही बेरीज केली. त्या काळी जेवढी कागदपत्रं होती तेवढी तपासून केलेला तो पंचनामाच होता. भानगड पुढं झाली. १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात त्याच्या तारखा छापल्या जाऊ लागल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत समासातली टीप ओळीत जाऊन बसली. आपल्याकडंही सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुणीतरी केलेली नोंद पुढं मालकी म्हणून मिरवते. त्यातलाच प्रकार.

याच हिशेबानं प्रलयाचं साल येतं इसवी सनापूर्वी २३४८. त्या साली हडप्पा आणि मोहेंजोदडोची गटारं व्यवस्थित वाहत होती, आणि गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहून दोनेकशे वर्षं झाली होती. त्या सुमारास सगळं बुडून संपल्याची खूण दोन्हीकडं नाही.

अक्षरार्थाचा आताचा हट्ट परंपरेतून आलाय असं समजणंही चूक आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टिननं उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं आपल्याच लोकांना बजावलंय की आकाश, पृथ्वी, तारे यांबद्दल बाहेरच्या माणसाला जे अनुभवानं पक्कं माहीत आहे, त्याच्या उलट काहीतरी शास्त्राच्या नावावर बोलू नका, ऐकणारा हसेल आणि मग तुमच्या पुनरुत्थानावरही विश्वास ठेवणार नाही. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन दिवस कशानं मोजले, हा प्रश्न विज्ञानवाद्यांच्या कितीतरी आधी चर्चच्या आद्य पंडितांनीच विचारला होता. १९२५ साली टेनेसीतल्या गाजलेल्या खटल्यात बायबलची बाजू लढवणाऱ्या विल्यम जेनिंग्ज ब्रायननंसुद्धा उलटतपासणीत कबूल केलं की ते दिवस चोवीस तासांचे असतीलच असं नाही. सहा हजार वर्षं आणि सगळे थर प्रलयातले, ही कडक मांडणी अमेरिकेत घट्ट झाली ती १९६१ मधल्या एका पुस्तकानंतर. म्हणजे माझ्या मित्राच्या पुतण्याला जे प्राचीन म्हणून मिळालंय ते वयानं आपल्या महाराष्ट्र राज्यापेक्षा एका वर्षानं लहान आहे. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ ला आला, तेव्हापासून इथं मराठी ख्रिस्ती घरं आहेत. मित्र सांगतो, त्याच्या आजोबांनी पवित्र शास्त्र कितीदा वाचलं याला गणती नाही, पण पृथ्वीच्या वयावरून ते कधी कुणाशी भांडले नाहीत.

मग वयाचा आकडा येतो कुठून? थोडक्यात सांगतो. काही मूलद्रव्यं ठराविक वेगानं मोडत जातात. पोटॅशियमचा एक प्रकार मोडून त्यातल्या काहीचा आरगॉन वायू होतो, निम्मा मोडायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. लाव्हा पातळ असताना वायू उडून जातो, दगड थिजला की आत कोंडला जातो. कोंडलेला वायू मोजला की थिजून किती काळ झाला ते कळतं. या आणि अशा वेगवेगळ्या घड्याळांनी आपल्या पायाखालच्या दगडाचं वय साडेसहा कोटींच्या आसपास येतं. पृथ्वीचं वय १९५६ साली क्लेअर पॅटरसननं उल्केतल्या शिशावरून काढलं, ४५५ कोटी. त्याआधी केल्विनसारख्या बड्या शास्त्रज्ञानं १८६२ साली दोन ते चाळीस कोटी असा अंदाज दिला होता. तो चुकला, कारण पृथ्वीच्या पोटातली उष्णता आतल्या दगडाच्या संथ हालचालीनं वर येत राहते हे त्यानं धरलं नव्हतं, आणि किरणोत्सर्ग तर तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हता. नवा पुरावा आल्यावर पंचनामा बदलला. आणि घड्याळांवर विश्वास नसेल त्यानं ग्रीनलंडचा बर्फ बघावा. तिथं वर्षाला एक असे थर साठ हजार वर्षं मागंपर्यंत मोजता येतात. त्याला किरणोत्सर्ग लागत नाही, मोजायची चिकाटी लागते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मराठीत एक छोटा शब्द आहे, 'म्हणे'. आजी गोष्ट सांगायची, "कोल्हासुर मरताना म्हणे देवीला म्हणाला, या गावाला माझं नाव दे." रंकाळा म्हणे आधी दगडाची खाण होती आणि भूकंपानं रात्रीत पाणी लागलं. परशुरामानं म्हणे बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण वर काढलं. या 'म्हणे'त अविश्वास नाही. आजी देवीपुढं डोकं टेकवायची ते मनापासूनच. पण ही गोष्ट मी ऐकून सांगतेय, पाहून नाही, एवढी नोंद त्या दोन अक्षरांत होते, आणि गोष्टीला तिच्या जागी राहू देते. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर राक्षसाच्या नावानं कोहळा फोडायला झुंबड उडते, पण राक्षसाची हाडं शोधायला टेकडी खणून काढा असं कुणी म्हटलेलं नाही. अक्षरार्थवादी काय करतो, तर गोष्टीतला 'म्हणे' पुसतो आणि तिला पंचनाम्याच्या फाइलीत लावतो. त्यात विज्ञानाचं फारसं बिघडत नाही, दगड आहे तिथंच राहतो. नोहाच्या गोष्टीचं मात्र बिघडतं. माणसाचा माज, देवाचा पश्चात्ताप, तारवातून सोडलेलं कबुतर आणि त्यानं आणलेलं जैतुनाचं पान, हे सगळं राहतं बाजूला आणि लोक तारवात हत्तींना वैरण किती लागली असेल याचा हिशेब घालत बसतात.

इथवर टपरीवरची मंडळी माना डोलावतात. म्हणून आता त्यांच्याकडं वळतो, म्हणजे आमच्याकडंच. ख्रिस्ती समाज कोल्हापुरात मूठभर. त्यांच्या पोथीवर हसायला धाडस लागत नाही. "त्यांचं सहा हजार वर्षं, पण आपल्या ऋषींनी बघा, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगितलाय, विज्ञान आत्ता तिथं पोचतंय", हे वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता आकडा कोण आधी काढतो यावर चहाची पैज लावतो. पण आकडा काढलाच आहे तर हिशेब पुरा करा. ४३२ कोटी हा कल्पाचा पुरा दिवस. त्यातला किती सरलाय, हे भटजी प्रत्येक पूजेच्या संकल्पात सांगतात, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग, प्रथम चरण. सूर्यसिद्धान्ताच्या मापानं सहा मन्वंतरं, त्यांचे सात संधी, सत्तावीस महायुगं, वर कृत, त्रेता, द्वापर आणि कलीची पाचेक हजार वर्षं मिळवा. बेरीज येते सुमारे १९७ कोटी. आणि बेळगावकडं जाताना आपला काळा दगड पातळ होत संपतो, त्याच्या पलीकडं धारवाडच्या बाजूचे जे जुने खडक लागतात, त्यांतल्या काहींचं वय ३०० कोटींच्या वर आहे. म्हणजे संकल्प अक्षरशः घ्यायचा तर एसटीनं काही तासांवर असलेला दगड सृष्टीच्या आधीचा ठरतो. अशर सहा हजारांत अडकला, आपण १९७ कोटींत. शून्यं जास्त आहेत एवढंच. ज्यांनी ही मापं रचली त्यांची झेप मोठी होती याबद्दल वाद नाही. त्यांनी दगड मोजले होते असा दावा मात्र त्यांनी स्वतः केलेला नाही, तो आपण त्यांच्या गळ्यात घालतोय.

"तुम्ही होता काय तिथं" हा प्रश्नही आपल्याकडं आयात व्हायची वाट बघत नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला केंद्रीय मंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठं लिहिलेलं नाही, म्हणून डार्विन चूक. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेला माणूस! प्रत्यक्षदर्शी नसेल तर खुनाचा तपास बंद करायचा असं ते खात्यात कधी म्हणाले नसतील. २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तो कुठल्या पाद्र्याच्या सांगण्यावरून नव्हे.

आणि दुसरी वाट आपल्याकडं नव्हती असंही नाही. पुराणांत पृथ्वी शेषाच्या डोक्यावर आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी, याच सह्याद्रीच्या आसऱ्यानं राहून, गोलाध्यायात विचारलं की पृथ्वीला कुणी धरलंय म्हणता तर त्या धरणाऱ्याला कोण धरतं? आणि त्याला? हा आधार कुठंतरी संपणार असेल तर पृथ्वीपाशीच संपला असं म्हणायला काय हरकत आहे? भास्कराचार्य आस्तिक होते, ग्रंथाच्या आरंभी वंदन करूनच लिहीत. 'म्हणे' कुठं आणि पंचनामा कुठं, हे त्यांना कळत होतं.

तरी एक माणूस भेटतोच जो म्हणतो, "मानू दे की त्या पोराला सहा हजार, तुमचं काय जातंय?" घरात मानत असेल तर माझं काही जात नाही. पण पोरगं अकरावी सायन्सला आहे. उद्या इंजिनिअर होईल, कदाचित पाटबंधाऱ्यातच लागेल. पूर म्हणजे कोप, हे त्याच्या मनात पंचनाम्याच्या फाइलीत बसलं असेल, तर पूररेषेच्या आत भराव टाकून उठलेल्या इमारतींकडं तो कशाला बघेल? २०१९ नंतर आम्ही कारणं शोधत बसलो, पावसाचं प्रमाण, धरणांचा विसर्ग, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, महामार्गाचा भराव. भांडणं अजून चाललीत, पण ती आकड्यांवर चाललीत. आमच्यातल्याच काहींनी तेव्हा "देवीचा कोप" म्हणून हात झटकले होते आणि भराव टाकणाऱ्यांना त्याहून सोयीचं दुसरं काही नव्हतं.

देवीच्या बाबतीत तरी आम्ही कुठं डोळे मिटून असतो? अंबाबाईच्या नोव्हेंबर आणि जानेवारीअखेरीच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचली नाहीत, तर कोल्हापूरकर कोपाची चर्चा करत नाही. महाद्वार रस्त्यावर कुणाचा मजला आडवा येतोय, कुणाची पाण्याची टाकी, हे तो मोजायला लावतो आणि महापालिकेत अर्ज देतो.

पुतण्याला मी जानेवारीत एका रविवारी, त्याची सभा आटोपल्यावर, खाणीवर नेलं. लाल पट्टा दाखवला. त्यानं नखानं उकरून बघितला, माती बोटाला लागली. "ही दुसऱ्या पुरानं आणून टाकलेली नसंल कशावरनं?" असं विचारलं. प्रश्न चांगला होता. खालचा दगड वर येता येता हळूहळू मऊ होत माती होतोय, मधे रेघ नाही, हे मी दाखवलं. बाहेरून आणून टाकली असती तर मधे रेघ दिसली असती, भिंतीवर दिसते तशी. त्याचं समाधान झालं की नाही, माहीत नाही. तो सभेला अजून जातो. मी काही बोललो नाही.

मित्रानं उन्हाळ्यात घराला रंग काढला. सगळ्या भिंती पिस्ता रंगाच्या झाल्या, हॉलमधली तेवढी हातभर पट्टी सोडून. रंगाऱ्यानं दोनदा विचारलं म्हणे. मित्र त्याला म्हणाला, "ऱ्हाऊ दे ती. पुढच्या पंचनाम्याला लागंल."